टर्नबुलबाईंचा परतीचा डबा

डब्याचं झाकण उघडलं आणि कालिंदीबाई जिन्याच्या तळाशी उभ्याच राहिल्या. आत चांदीचा चमचा होता. चहाचा, लहानसा, दांडीवर नाजूक वेलबुट्टी असलेला. कल्हई केलेल्या त्या पितळी डब्यात तो एकटाच पडला होता.

"अहो, जरा बाहेर या बघू," त्यांनी तिथूनच हाक मारली.

गुरुदत्त आगाशे अर्ध्या गालाला साबण आणि हातात वस्तरा अशा थाटात दारात आले. फोर्ट विल्यममध्ये लष्कराच्या हिशेबखात्यात त्यांची नोकरी. कचेरीत वेळेवर पोचणं हा त्यांचा आयुष्यातला एकुलता एक शौक, त्यामुळे सकाळच्या वेळी त्यांना हाक मारायची घरात चोरी होती.

"काय झालं? पाल आहे का डब्यात?"

"चमचा आहे. चांदीचा."

"चुकून राहिला असेल."

"चुकून कसा राहील? काल मी अळूवड्या पाठवल्या होत्या. त्याला चमचा कशाला लागतोय?"

गुरुदत्तांनी चमचा उजेडात धरला, उलटा केला, दांडीमागचा शिक्का निरखला. "अस्सल आहे. विलायती. जाऊन परत दे बाई तिचा तिला."

"परत कसा देऊ? हा परतीचा जिन्नस आहे."

गुरुदत्त आत वळले, कारण ह्या परतीच्या जिनसांचा सगळा इतिहास त्यांना ठाऊक होता आणि साबण वाळत चालला होता.

शेजारणीकडून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आपल्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण भांड्याचा तळ दाखवायचा नाही. कालिंदीबाई मिरजेच्या. तिथे आळीभर वाट्या सदान्‌कदा ये-जा करत असायच्या. पुढे नवऱ्याच्या बदल्यांमागे फिरत त्या पार कलकत्त्याला, बालीगंजातल्या या दुमजली घरात येऊन पडल्या. मुलगा प्रमोद शिकायला पुण्याला काकांकडे. नवरा दिवसभर फोर्टात. मराठी बोलायचं तर महिन्यातून एकदा मराठी मंडळात जायचं. बाकी वेळ खाली त्या एकट्या आणि वर टर्नबुलबाई एकट्या.

मिस ऑलिव्ह टर्नबुल हे नाव कालिंदीबाईंनी पहिल्याच आठवड्यात 'टर्नबुलबाई' करून घरात घेतलं. बाई मुलींच्या एका बोर्डिंगात तीस वर्षं मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या, मागोमाग स्वराज्य आलं, ओळखीपाळखीचे सगळे साहेब आणि मडमा ट्रंका बांधून बोटीत बसले. ह्या राहिल्या. विलायतेत एक बहीण होती तीही वारलेली. "उधर कौन है? ठंडी है, बस," असं त्या सांगत. पेन्शन मात्र तिकडून, एका संस्थेकडून, पौंडात यायची. ती ठरली तेव्हा माणूस तिच्यात ऐटीत राहिला असता. लढाई संपली, फाळणी झाली, तांदूळ-कोळसा-रॉकेल सगळ्यांचे भाव आकाशाला भिडले. पेन्शन आपली होती तिथेच.

पण बाईंची ऐट हलली नव्हती. बाहेर पडताना हॅट, हातमोजे आणि छत्री. ट्राममध्ये त्या हल्ली सेकंड क्लासात बसत. पण अशा ताठ बसत की कंडक्टरला वाटावं, आपणच डबा चुकलो.

तर दोन वर्षांपूर्वीच्या होळीला कालिंदीबाईंनी वर पुरणपोळी पाठवली होती. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, तो स्वच्छ धुतलेला आणि रिकामा. सणासुदीचं रिकामं भांडं कालिंदीबाईंना खटकलं. टर्नबुलबाई जिन्यावरच होत्या, तेव्हा कालिंदीबाई आपल्या मिरजेच्या हिंदीत हसत हसत बोलून गेल्या, "मेमसाहेब, हमारे में खाली बरतन नहीं देते. थोडी शक्कर तो डालने का."

थट्टाच ती. पण टर्नबुलबाई कानांपर्यंत लाल झाल्या. "हमको मालूम नहीं था, बाई. माफ करो," म्हणाल्या आणि वर गेल्या. तासाभरात स्वतः खाली येऊन मुरंब्याची अख्खी बरणी देऊन गेल्या.

तेव्हापासून डबा एकदाही रिकामा आला नव्हता. कधी केकचा तुकडा, कधी बिस्किटं, कधी पेरूची जेली. कालिंदीबाईंना ह्याचं भारी कौतुक. मंडळातल्या हळदीकुंकवाला त्यांनी चारचौघींना ऐकवलंसुद्धा, "आमची मडम अगदी शिकलीय हो. रिकामं भांडं म्हणून यायचं नाही."

आणि एक गोष्ट त्यांनी मंडळात कुणाला सांगितली नव्हती. कारण सांगण्यासारखी ती कुणालाच वाटली नसती. वरून आलेल्यातला कणसुद्धा कालिंदीबाईंनी कधी तोंडात घातला नव्हता. केकमध्ये अंडं. बिस्किटांत काय असतं देव जाणे. आणि अंडं नसलं तरी ते स्वयंपाकघर काही आपलं नव्हे. डबा रिकामा आला नाही, एवढ्यावर त्या खूश. आतला ऐवज भांडी घासणाऱ्या झीच्या, म्हणजे तिकडच्या बोलीत मोलकरणीच्या, पदरात पडायचा.

त्या दिवशी झी आली तेव्हा कालिंदीबाईंनी तिच्याजवळ विषय काढला. वरचा जिना झाडायचं कामही तिच्याकडेच होतं.

"मेमसाहेब हल्ली काय करते ग दिवसभर?"

झी हिंदी आणि बंगालीची खिचडी बोलायची. राख हाताला तशीच ठेवून तिने सांगितलं, की खानसाम्याला मेमसाहेबने गेल्या साली रजा दिली, आता स्टोव्हवर स्वतःच काय ते करते. वीज जळते म्हणून पंखा बंद. कपड्यांचं कपाट हातगाडीवरून गेलं. "पाँउरुटी आर चा. सकाळी तेच, रात्री तेच. बाजारातून आठवड्याला एक डिम आणते, एकच. त्याचा तुमच्यासाठी केक करते. केक खूब भालो, बउदी. माझी पोरं वाट बघतात."

पाँउरुटी म्हणजे पाव आणि डिम म्हणजे अंडं, एवढं बंगाली कालिंदीबाईंना येत होतं.

झी भांडी पालथी घालून गेली तरी त्या मोरीच्या उंबऱ्यावर बसून होत्या. बाई खंगतेय हे त्यांना दिसत होतं. हाताची हाडं वर आली होती, गळ्याशी पोलकं सैल झालं होतं. ते बघूनच तर त्या अलीकडे आठवड्यातून दोनदा, तीनदा डबा पाठवत होत्या. आणि दर डब्यागणिक वरची म्हातारी आपल्या तोंडातला घास काढून डबा भरत होती. आता घरात काही उरलं नाही म्हणून चमचा. आणि कशासाठी हे सगळं? तर खालच्या बाईने एकदा दात काढून तिला रीत शिकवली म्हणून. कालिंदीबाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी त्यांनी आमटीत मीठ दोनदा घातलं.

"साधं आहे," रात्री ती आमटी कशीबशी गिळत गुरुदत्त म्हणाले. "डबा पाठवणं बंद कर. घेणं नाही, देणं नाही."

"आणि ती काय खाईल?"

"आत्ता तरी काय खातेय? तुझ्या अळूवड्या गेल्या नाहीत तर निदान ते अंडं तिच्या पोटात जाईल."

हिशेबखात्यातल्या माणसाचा हिशेब, त्यात चूक काढायला जागा नव्हती. कालिंदीबाईंनी डबा फळीवर ठेवून दिला. चमचा मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात साड्यांखाली गेला. दोन आठवडे वर काही गेलं नाही. आषाढातल्या वद्य एकादशीला खिचडी केली, तेव्हा हात नेहमीसारखा डब्याकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला. जिन्यात टर्नबुलबाई दिसल्या तर त्या नजर चुकवून घरात शिरत. हेही पाप होतं, ते वेगळंच.

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. दारात टर्नबुलबाई. हॅट घातलेली, हातमोजे चढवलेले. वरून खाली यायला सोळा-सतरा पायऱ्या, पण बाई कुणाच्या तरी घरी जायला निघाल्यासारख्या आल्या होत्या.

"आइए, आइए," कालिंदीबाई गडबडल्या. त्यांनी खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत.

"बाई, हम एक बात पूछने आया. हमसे कुछ गलती हुआ?"

"नहीं, नहीं. गलती कैसी?"

"डब्बा नहीं आता. दो हफ्ता." त्यांनी क्षणभर हातमोज्याची बोटं ओढून सारखी केली. "चम्मच ठीक नहीं था? हमने सोचा, एक चम्मच देना... शायद तुम्हारे में अच्छा नहीं होता. बुरा माना तो बोल दो. हम फिर गलती नहीं करेगा."

कालिंदीबाईंना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. म्हणजे गेले दोन आठवडे ही बाई वर पाव खात बसली होती आणि आपलं काय चुकलं याचा विचार करत होती. डबा तिला खाण्यासाठी हवा होता की नाही कोण जाणे. अधूनमधून कुणीतरी जिना चढून आपल्या दाराशी येतं, हे मात्र तिला हवं होतं. तेच आपण बंद केलं.

"चम्मच बहुत अच्छा है," त्या घाईघाईने म्हणाल्या. "संभालके रखा है. लडके की शादी होगी तो बहू को देगी मैं."

बाईंचा चेहरा जरा सैल झाला. "बहू को? तब ठीक है."

"और डब्बा..." कालिंदीबाई थांबल्या. डबा द्यायचा तर तो भरून परत येणार. नको म्हणावं तर अपमान. "तुम गरीब हो, रहने दो" असं ह्या हॅटवाल्या बाईला कोण सांगणार? तेवढ्यात भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर गेली आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "मेरा व्रत है."

"व्रत?"

"हां. कल से श्रावण. चार महीना." एकदा थाप मारायला लागल्यावर ती सुचत गेली. "एक बडी बाई को खाना देने का. मगर उससे कुछ लेने का नहीं. डब्बा खाली आना मंगता. एक दाना आया तो व्रत टूटता. पाप लगता."

हयातीत पहिल्यांदाच त्या देवाच्या नावाने इतकं धडधडीत खोटं बोलत होत्या. टर्नबुलबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. तीस वर्षं बोर्डिंगातल्या पोरींच्या सबबी ऐकलेली ती बाई. थाप ओळखायला तिला किती वेळ लागणार होता?

"हम खाली डब्बा देगा तो तुमको पुण्य मिलेगा," बाई सावकाश म्हणाल्या.

"हां."

"और हमको?"

असा प्रश्न असतो हेच कालिंदीबाईंना कधी सुचलं नव्हतं. देणाऱ्याला पुण्य मिळतं हे त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. घेणाऱ्याला काय मिळतं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

टर्नबुलबाईंनी त्यांना फार वेळ तसं उभं ठेवलं नाही. "अच्छा. डब्बा खाली आएगा. तुम्हारा व्रत हम नहीं तोडेगा. मगर तुम ऊपर आएगा. सोमवार, चार बजे, चाय पीने. हमारे में जिसका इतना खाया, उसको एक बार टेबल पर बुलाते हैं. व्रत में इसका मना तो नहीं?"

"नहीं," कालिंदीबाई म्हणाल्या. बाई जिना चढून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, सोमवार म्हणजे श्रावणी सोमवार. आणि त्यांचा दिवसभर कडकडीत उपास.

गुरुदत्तांना ते ऐकून हसू आवरेना. "अगं, मग फक्कड झालं की. खोट्या व्रतातून खऱ्या उपासाने सोडवलं तुला. जा, टेबलाशी बस, उपास आहे म्हणून सांग. चहा तेवढा ओठांना लाव. तिचाही मान राहील, तुझाही धर्म."

कालिंदीबाईंनाही ते पटलं. सोमवारी चारला त्या ठेवणीतलं इंदुरी लुगडं नेसून, खरीखुरी सबब बरोबर घेऊन जिना चढल्या.

दोन वर्षांत त्या वरच्या दाराच्या आत कधी गेल्या नव्हत्या. आत पाऊल टाकलं आणि त्या बघतच राहिल्या. दारिद्र्य असेल, कळकट असेल, असं काहीबाही मनात होतं. तसलं काही नव्हतं. फरशी पुसलेली, पडद्यांना इस्त्री. भिंतीवर कपाटाच्या जागी रंगाचा एक उजळ चौकोन, त्यातल्याच खुंट्यांवर कपडे नीट टांगलेले. टेबलावर पांढरा कशिदा काढलेला कपडा होता. त्याला ठिकठिकाणी रफू केलेलं होतं, पण ते इतकं बारीक की जणू कापडात मुळातच ती नक्षी होती. नवरात्रात आपण घर आवरतो तसं ही बाई रोजच आवरत असणार, आणि येणारंजाणारं तर कुणी नाही.

"बैठो, बाई." टर्नबुलबाईंनी स्वतः खुर्ची ओढून दिली.

चहा ओतता ओतता त्या बोलत होत्या, आणि कुरकुर म्हणून नव्हे, मजा सांगावी तशा. बँकेतला नवा कारकून त्यांना दर महिन्याला विचारतो, मॅडम, अजून गेला नाहीत? दर महिन्याला त्या सांगतात, नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू. एकदा पेन्शन बोटीच्या संपात अडकली, तेव्हा दूधवाल्याने आपणहून उधारी चालवली, आणि तो मुसलमान होता, आणि त्या दंग्यांच्या सालात. आता पुढची खोली त्या घरमालक घोषालबाबूंना परत देणार होत्या. भाडं कमी होईल. "एक कमरा बहुत है. आदमी एक टाइम में एक ही कुर्सी पर बैठता है, नहीं?"

कालिंदीबाईंच्या मनात आलं, आपल्यावर ही वेळ आली असती तर आपण मिरजेला दहा पत्रं लिहून रडलो असतो. ही बाई घरंगळत चाललेला संसार एकेका खोलीने हसत हसत आवरता घेतेय, आणि पाहुणीला चहात साखर किती म्हणून विचारतेय.

मग टर्नबुलबाईंनी बशी पुढे केली. पातळ कापलेला पाव, त्यावर लोण्याचा हात फिरवलेला. आणि केक, सुरीने काढलेले दोन तुकडे.

कालिंदीबाईंनी सबब ओठांवर आणली. "मेमसाहेब, आज मेरा..."

"एक बात बताओ," बाई त्याच वेळी म्हणाल्या. त्यांच्या कानावर ते अर्धं वाक्य गेलंच नाही. आवाजात पोरीसारखा थोडा संकोच होता. "दो साल हम केक भेजता है. कैसा बना, तुमने कभी नहीं बोला. अच्छा था? खराब था? बावर्ची गया, तब से हम खुद बनाता. हमको कोई बोलनेवाला नहीं. हम भी नहीं खाता, भेजने का होता है तो."

खिडकीबाहेर कुणी फेरीवाला ओरडत गेला. टर्नबुलबाई बशी धरून वाट बघत होत्या.

कालिंदीबाईंनी खोटं बोलून पाहिलं असतं तर साधलं असतं. "बहुत अच्छा था", संपलं. चार दिवसांपूर्वी देवाच्या नावाने एवढी थाप मारली, त्यात ही कुठे जड होती? पण जिभेवर ते शब्द येईनात. जो केक करायला हिने अंडं खाल्लं नाही, त्याची चव सांगायला आपल्याला ती माहीतच नाही, हे त्यांना सहन होईना. त्यांनी पदर सावरला, बशीतला तुकडा उचलला आणि तोंडात घातला. चावला. पहिला घास कसा खाली गेला हे त्यांचं त्यांना ठाऊक. दुसरा मात्र त्यांनी नीट, चव लावून खाल्ला, मंडळात एखादीचे लाडू पारखायला बसावं तसा.

"अच्छा है," त्या म्हणाल्या. मग थांबून, अगदी मनापासून म्हणाल्या, "मगर थोडा सूखा."

टर्नबुलबाई एकदम हसल्या. एवढं मोकळं त्यांना हसताना कालिंदीबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. "हां! मक्खन कम था. हमको मालूम था, सूखा होगा." हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि दुसरा तुकडा, स्वतःच्या वाटचा, मधोमध कापून अर्धा कालिंदीबाईंच्या बशीत वाढला. कालिंदीबाईंनी तोही खाल्ला.

संध्याकाळी गुरुदत्त आले ते हातपाय धुऊन थेट पाटावर येऊन बसले. सोमवारचा उपास दोघांचाही, आणि दिवसभर फोर्टात आकडे घोटून त्यांना भूक कडाडून लागली होती.

"चल, वाढ. दोघं मिळून उपास सोडू."

"माझा सुटला."

"कधी?"

"चार वाजता. वर."

गुरुदत्तांनी मान वर केली. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "अंडं होतं?"

"होतं. आठवड्याचं एकच आणते ती."

देवापुढे समई लागलेली होती. गुरुदत्तांनी एकदा तिकडे पाहिलं, एकदा कालिंदीबाईंकडे. "आणि आता देवाला काय सांगणार आहेस?"

ते थट्टेने विचारत होते की काळजीने, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"केक जरा सुका होता म्हणून सांगेन," कालिंदीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नवऱ्यापुरतं एकच पान मांडायला घेतलं.